रंगाखालची सायकल

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात विकायला आलेली जुनी सायकल बरेचदा हिरवी असते, नाहीतर निळी. ब्रशने मारलेला ऑइल पेंट, नळीच्या पोटाशी गोठलेले ओघळ, पेडलच्या नटावरसुद्धा रंग. हेडवर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर, मात्र रॅले या इंग्लिश कंपनीची खूण असलेला बगळ्याचा नवाकोरा पितळी बिल्ला चकाकत असतो आणि विकणारा ठामपणे सांगतो, "ओरिजिनल रॅले, मेड इन इंग्लंड." कधी ते खरं असतं. विकणारा खोटं बोलतोय असंही दरवेळी नसतं. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो पुढे सांगतो. पण अशी फ्रेम घरी आणून तिला नाव द्यायचं असेल, तर ते नाव तिच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. आणि ती ते सांगते, फक्त विचारण्याचा क्रम चुकता कामा नये.

क्रम ठरवायला एकच प्रश्न पुरतो: ही गोष्ट बदलायला सायकलवाल्याला किती वेळ लागला असता? बिल्ला पाच मिनिटांत बदलतो. चाक दहा मिनिटांत. चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र, पाऊण तासात, क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन अडली नाही तर. पुढचं चाक धरणारा फोर्क तासाभरात. पण बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा अक्ष बसतो त्या नळकांड्यातले आटे, लगचा, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाहीचा आकार, नळ्यांचा कोन, सीट लगवर ठोकलेला नंबर या गोष्टी कोणी सहसा बदलत नाही, कारण बदलण्यापेक्षा दुसरी सायकल घेणं स्वस्त पडतं. जे बदलायला सगळ्यात अवघड, ते आधी वाचायचं. आपण नेमकं उलट करतो. बिल्ला बघतो, मग रंग, मग घंटी, आणि तेवढ्यावर नाव ठरवून मोकळे होतो.

आपल्याकडे इतक्या सायकली पुन्हा रंगवलेल्या का, हेही समजून घ्यायला हवं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हा, आणि गावोगावीही, सायकली भाड्याने मिळायच्या. भाड्याची सायकल ओळखू यावी म्हणून दुकानदार ती एका रंगात रंगवायचा, मडगार्डवर नंबर घालायचा. दूधवाल्याच्या सायकलीला कॅनचं ओझं, त्यामुळे जागोजागी वेल्डिंग, आणि वेल्डिंग झालं की त्यावर रंग. पावसाळा संपला की गंज झाकायला आणखी एक हात. म्हणून एकेका फ्रेमवर तीन-तीन, चार-चार थर सापडतात. हे थर म्हणजे सायकलीचं चरित्र आहे. सँड ब्लास्टिंगला देऊन ते एका दुपारी उडवून टाकणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. वाळूच्या माऱ्याने रंग जातो, जुना छाप जातो आणि उथळ ठोकलेला नंबरही पुसट होतो. ओळख पटेपर्यंत ब्लास्टिंग नाही आणि जेलसारखा पेंट रिमूव्हरही नाही, एवढा नियम स्वतःला घालून घ्यावा.

आधी सायकल पूर्ण उघडायची. फोर्क, चाकं, क्रँक, छऱ्यांचे कप, सगळं. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने बॉटम ब्रॅकेटचा परिसर धुवायचा. तिथे वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती मिळून दगडासारखा थर झालेला असतो. कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढून पिनवर हातोडी मारू नये. आटे फुलतात आणि मग ती ड्रिल करूनच निघते. नट पिनच्या टोकाच्या पातळीपर्यंत सैल करायचा, क्रँकला खालून जाड पाइपचा टेकू द्यायचा आणि एकच जोरदार घाव घालायचा. बारीक-बारीक दहा घाव घातले की पिन वाकते, एका नेमक्या घावात ती सुटते. जुन्या पिना बहुतेक साडेनऊ मिलिमीटरच्या असतात. काढलेली पिन मापाला ठेवून द्या, कारण नवीन म्हणून नऊ मिलिमीटरची मिळाली तर क्रँक कायम डुगडुगेल. खाली जुनी चादर अंथरा. बॉटम ब्रॅकेटमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छरे असतात आणि ते पळतात.

आता फोर्क काढलेली रिकामी फ्रेम हातात घ्या. हेडच्या नळीत वरून छोटा टॉर्च सोडा, खोलीतला दिवा बंद करा आणि बाहेरून बघा. बिल्ल्याची मूळ भोकं रंगाने किंवा लांबीने बुजलेली असली तरी बहुधा सुईच्या टोकाएवढा प्रकाश कुठूनतरी येतो. येत नसेल तर करंगळीने नळीच्या आतून चाचपा; बाहेरच्या बाजूने बुजवलेलं भोक आतून खळग्यासारखं लागतं. मग भोकांची मापं घ्या: ती एकाखाली एक आहेत की शेजारी-शेजारी, आणि एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत अंतर किती. व्हर्नियरने घ्या, पट्टीने नको. रॅलेच्या बगळ्याच्या बिल्ल्याला वर एक आणि खाली एक रिव्हेट असते. सध्याचा बिल्ला ज्या भोकांत बसलाय त्यांच्याखेरीज आणखी दोन बुजवलेली भोकं सापडली, तर बिल्ला नंतरचा, हे तिथेच ठरलं.

बिल्ल्याची आणखी एक परीक्षा आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. बिल्ल्याची कड एका ठिकाणी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने किंचित, कागद जाईल इतकीच उचलून आत बघायचं. आत बाहेरचाच हिरवा रंग सलग गेलेला दिसला, तर बिल्ला हिरव्या रंगानंतर बसला आहे. आत जुना काळा, चमक न गेलेला रंग दिसला आणि हिरवा कडेशी येऊन थांबलेला असला, तर बिल्ला त्या काळ्या रंगाच्या काळातला आहे. जुना रिव्हेटचा बिल्ला यासाठी उपटू नका, कडेतून दिसतं तेवढं पुरे. भाड्याच्या दुकानातल्या घाईत कधी रंग बिल्ल्यावरूनच फिरवलेला असतो. अशी सायकल मिळाली तर आनंद माना, रंगाने तो बिल्ला जपून ठेवलेला असतो.

यानंतर नंबर. तो कुठे असेल याला एक उत्तर नाही. सीटची नळी आणि वरची दांडी जिथे मिळतात त्या सीट लगवर, बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली, मागचं चाक अडकतं त्या डाव्या फोर्क एंडवर, क्वचित हेडच्या नळीवर. फोर्कच्या दांड्यावरही नंबर असू शकतो, तोही जरूर बघा. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या बऱ्याच रॅलेंवर नंबर सीट लगवर सापडतो, आणि नेमकी तीच जागा रंगाने जास्त भरलेली असते, कारण ब्रश तिथे कोपऱ्यात अडतो आणि रंग साठतो.

सीट लगवरचा नंबर उघडायला घाई केली की तो गेलाच. पॉलिश पेपर कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते, त्यामुळे मास्क हवा, पाणी हवं आणि मुलं लांब हवीत. ६०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, रबराच्या तुकड्याला गुंडाळून, एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवायचा. उंच भागावरचा रंग जातो, ठोकलेल्या अक्षरांच्या खाचेत रंग तसाच राहतो. हिरव्या रंगात काळे आकडे उमटू लागतात, किंवा उघड्या लोखंडावर हिरवे आकडे. तिथेच थांबा. खाचेतला रंग सुईने उकरायचा मोह होतो, पण सुईचा ओरखडा आकड्याचा भाग होऊन बसतो. उन्हात तिरपी धरून फोटो काढा, एकदा डावीकडून प्रकाश, एकदा उजवीकडून. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून ठसाही घ्या. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि एस, शून्य आणि ओ यांत फसगत होते, म्हणून दोन वेगळ्या माणसांकडून स्वतंत्र वाचून घ्या आणि मगच ताडून बघा. नंबराच्या जागी कानशीचे किंवा ग्राइंडरचे वळ असतील तर तो व्यवहार सोडून द्यावा हे बरं. चोरीच्या सायकलीचं ते जुनं लक्षण आहे.

नंबर मिळाला म्हणजे साल मिळालं असं मात्र नाही. १९७०च्या दशकातल्या मधल्या वर्षांपासून रॅलेचा नंबर बराच बोलका झाला: पहिलं अक्षर कारखान्याचं, एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, दुसरं अक्षर महिन्याचं, त्यानंतरचा आकडा सालाचा शेवटचा अंक. तिथेही ५ म्हणजे १९७५ की १९८५, हे फ्रेमच्या बाकी घडणीवरून ठरवावं लागतं. त्याआधीच्या नंबरांच्या नोंदी तुटक आहेत. ब्रिटनमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या व्हेटरन-सायकल क्लबच्या मंडळींनी जुने कॅटलॉग आणि नंबरांच्या याद्या वर्षानुवर्षं जमवल्या आहेत. त्यांच्याशी ताडूनही बरेचदा हाती पाचेक वर्षांचा पट्टा येतो, नेमकं साल येत नाही. तेवढ्यावर समाधान मानावं.

आता या सगळ्यातली सगळ्यात पक्की जागा, बॉटम ब्रॅकेटचं नळकांडं. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने किती कप आणि किती पाने फुकट गेले असतील! डावीकडे आधी लॉक रिंग, मग कप, तो नेहमीच्या दिशेने. दोन्ही कप सरळ आट्यांचे निघाले तर फ्रेम इंग्लिश पद्धतीची नाही. आतला व्यास ३५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर फ्रेंच, ३६ आणि नळकांड्याची रुंदी ७० असेल तर इटालियन. आपल्या बाजारात हे क्वचितच.

इंग्लिश फ्रेमचा सर्वमान्य आटा म्हणजे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर. आजही सायकलच्या जगात त्याला बीएसएचा आटा म्हणतात. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली स्थापन झालेली बंदुका बनवणारी कंपनी. तिच्या सायकलवरच्या तीन रायफलींच्या खुणेचा उगम तोच. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपल्या कारखान्यात वेगळंच धरलं: इंचाला २६ आटे आणि नळकांडं ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद. फोर्कच्या दांड्यावरचे आटेही रॅलेचे २६, बाकीच्यांचे २४. त्यामुळे महायुद्धानंतरच्या साध्या रोडस्टरपुरतं, म्हणजे रोजच्या वापराच्या दणकट सायकलीपुरतं बोलायचं तर हे एक मोजमाप रॅले घराणं आणि बाकीचे यांत जवळजवळ भिंत उभी करतं. युद्धापूर्वीच्या फ्रेमना हा नियम सरसकट लावू नये. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवावी: रॅलेच्या मालकीच्या वर्कसॉपच्या कारखान्यातल्या हलक्या, शर्यतीच्या फ्रेमवर २४ आटेच असत. म्हणजे रोडस्टरवर २६ दिसले तर रॅलेकडे बोट दाखवता येतं, पण २४ दिसले म्हणून प्रत्येक फ्रेमला रॅले नाही असं म्हणता येत नाही.

मोजायचं कसं? थ्रेड गेज असेल तर प्रश्नच नाही. लेथवर काम करणाऱ्या कोणाकडेही तो मिळतो. नसेल तर निघालेल्या कपवर अर्धा इंच आखून आटे मोजा. १२ भरले तर २४चा, १३ भरले तर २६चा. कपवर तेवढी लांबी नसेल तर फोर्कच्या दांड्यावर मोजा, तिथे पूर्ण इंच मिळतो. कप बदललेला असण्याची शक्यता धरून नळकांड्याचे आटेही स्वतंत्र तपासा. २४चा कप २६च्या नळकांड्यात दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावणारा माणूस फ्रेमचं कायमचं नुकसान करतो, आणि अशा जोर लावलेल्या फ्रेमा पुष्कळ सापडतात: आटे अर्धे एका मापाचे, अर्धे चिरडलेले. मधोमध, कप कधी पोचलाच नाही तिथे, शाबूत आटे असतील तर ते मोजा, तेच मूळ.

नळकांडं उघडलंच आहे तर सीटच्या नळीचाही आतला व्यास घ्या. बाहेरून ती नळी इंग्लिश फ्रेमवर १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. त्यात २५.४चा सीट पोस्ट बसत असेल तर नळीची भिंत दीडेक मिलिमीटर जाड आहे, साधं दणकट लोखंड, रोडस्टरचं. २७.२चा पोस्ट सहज आत गेला तर भिंत अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त, म्हणजे उंची पोलाद. १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ किंवा तसल्याच हलक्या नळ्यांची शक्यता उघडते आणि मग ऑइल पेंटखाली रोडस्टर नाही, एखादी क्लबची सायकल दडलेली असू शकते. असं क्वचितच होतं, पण दोन मिनिटांचं माप आहे, चुकवू नये. आत गंज आणि दबलेली कड असते, ती आधी गोल कानशीने साफ करा, नाहीतर माप खोटं येतं.

ब्रेकच्या खुणा झटपट वाचता येतात. मागच्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाला आरपार भोक असेल तर कॅलिपर ब्रेकची, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकची फ्रेम. तसं भोक नसून खालच्या मागच्या दांड्यांवर दांडी-ब्रेकच्या पकडीच्या जागा असतील तर रॉड ब्रेकची. रॉड ब्रेकची चाकं वेस्टवूड रिमची, २८ × १ १/२. कॅलिपरची बहुधा २६ × १ ३/८. चाक बदललेलं असलं तरी फ्रेममधली जागा मूळ चाकाचाच आकार सांगते.

फोर्क स्वतंत्र साक्षीदार मानावा, कारण अपघातात पहिला तोच वाकतो आणि बदलला जातो. रॅलेच्या रोडस्टरचा फोर्क लांबून ओळखू येतो: वरचा आडवा भाग गोल नळीचा आणि दोन्ही टोकांना घुमटासारख्या चकचकीत टोप्या. हंबर या दुसऱ्या इंग्लिश सायकलीची ओळख त्याहून सोपी. तिच्या फोर्कला प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या असतात. अशा जोडनळीच्या फोर्कवर कितीही थर चढवले तरी ती हंबर लपत नाही. पण फोर्क फ्रेमचाच आहे का, हे आधी बघा. वरच्या आट्यांवर वायशरींचा ढीग असेल तर दांडा फ्रेमपेक्षा लांब, म्हणजे बहुधा दुसऱ्या सायकलीचा. फोर्कवर दोन थर रंग आणि फ्रेमवर चार असतील तर तो मधेच कधीतरी आला. फोर्कचे आटे २४ आणि नळकांड्याचे २६ असतील तर प्रश्नच मिटला.

चेनव्हील आणि हब यांच्यावर लोक फार विसंबतात. चेनव्हीलमध्ये कापलेली नक्षी सुंदर असते हे खरं: रॅलेच्यात बगळ्यांची तीन डोकी, हंबरच्यात पाच माणसं, रजच्यात हाताचा पंजा, बीएसएच्यात अक्षरं. पण ते एका कॉटर पिनीवर लटकलेलं आहे. सोबतीचा पुरावा म्हणून ठीक. मागच्या चाकाच्या मध्यभागी स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्या पोटावर दोन आकडी साल आणि शेजारी महिन्याचा आकडा कोरलेला असतो. एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव, आणि ५४, ३ म्हणजे मार्च १९५४. हा आकडा हबचा आहे, फ्रेमचा नाही. बाकी सगळं जुळत असेल तरच तो सायकलीचं साल ठरवायला घ्यावा. नट-बोल्ट मात्र फेकू नका. आर किंवा आर आय अशी बारीक अक्षरं त्यांच्या डोक्यावर असतील तर ते रॅले इंडस्ट्रीजचे. असे आठ-दहा नट वेगवेगळ्या जागी सापडले तर ते एका चेनव्हीलपेक्षा जास्त बोलतात, कारण जुळवून-जुळवून नट कोणी बसवत नाही.

रंगाकडे शेवटी यायचं. तिथे कांद्याचे पापुद्रे काढायचे आहेत. फ्रेमवर रंगाऱ्याचा हात न पोचणाऱ्या जागा शोधा: बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली, हेडसेटच्या कपाखालची कड, फोर्कचा दांडा जिथे आडव्या भागात शिरतो ती जागा, चेनकव्हरच्या पट्टीखाली. तिथे बरेचदा पहिला रंग उघडाच मिळतो. नाहीच मिळाला तर रुपयाएवढी जागा निवडून आधी ४००, मग ८००, मग १२०० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने गोल घासा, मधे जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. हिरवं, खाली निळं, खाली लाल ऑक्साइड, खाली काळं, काळ्याखाली कधी धुरकट करडा फॉस्फेटचा थर. लाल ऑक्साइडचा थर मधेच आला तर त्या टप्प्यावर कोणीतरी फ्रेम खरवडून नव्याने रंगवली होती. त्याखालचं काळं फक्त खाचाखोचांत उरलेलं असेल.

थरांची जात थिनरने कळते. कापसाच्या बोळ्याला एनसी थिनर लावून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. रंग लगेच बोळ्यावर उतरला तर तो नंतरचा, स्प्रेने मारलेला ड्यूको. सुरकुतला, लिबलिबीत झाला तर ब्रशचा ऑइल पेंट. कारखान्यात भट्टीत भाजलेला जुना एनॅमल सहसा दाद देत नाही. या फरकाचाच उपयोग करून वरचा थर उतरवता येतो, पण जिथे नावाचा छाप असण्याची शक्यता आहे, म्हणजे खालच्या तिरप्या नळीवर, सीटच्या नळीवर आणि हेडवर, तिथे थिनर आणू नका. छापाचं वार्निश थिनरमध्ये विरघळतं. तिथे दिवा जवळजवळ नळीला टेकवून तिरपा प्रकाश टाका. छापाची जाडी रंगाखालून उंचवट्यासारखी दिसते, अक्षराची कमान, रेघेचं टोक. सोनेरी रेघा हाताने मारलेल्या असत. त्या डोळ्यांआधी बोटाला लागतात. मग २००० नंबरचा पेपर, भरपूर पाणी आणि एका संध्याकाळी एक अक्षर, एवढाच वेग. खाली चार अक्षरं मिळाली तर पुढची दोन कुठे असतील हे जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रावरून काढता येतं.

आता नावाचा खरा गुंता. बिल्ला आणि कारखाना यांची जोडी कायमची नसते. रॅलेने १९३२ साली हंबरचा सायकलींचा व्यवसाय विकत घेतला, १९४३ साली रज-व्हिटवर्थ, १९५७ साली बीएसएचा सायकल विभाग. १९६० साली फिलिप्स आणि हर्क्युलिसचा गटही रॅलेत मिसळला. म्हणून १९६५ची हर्क्युलिस अंगाने रॅलेसारखी निघाली तर त्यात काही खोट नाही, ती तशीच जन्मली. आणि भारतात हा गुंता दुप्पट होतो. बंगालात आसनसोलला सेन-रॅलेने रॅले, हंबर, रज या नावांच्या सायकली बनवल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने १९४९ साली स्थापना झाल्यानंतर हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए बनवल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९५१ साली सोनीपतला ॲटलस आली, १९५६ साली लुधियानाला हिरो. यातल्या प्रत्येकीने इंग्लिश रोडस्टरचाच सांगाडा घेतला: तसेच लग, तसाच लोळलेला हेडचा कोन, पुढे ३२ आरे, मागे ४०. म्हणून 'रॅले आहे' आणि 'इंग्लंडची आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्हींना वेगवेगळे पुरावे लागतात.

इथे माझं एक ठाम मत आहे. आसनसोलची रॅले ही नॉटिंगहॅमच्या रॅलेची कमअस्सल बहीण नव्हे. ती इथल्या मातीत, इथल्या कामगारांनी घडवलेली वस्तू आहे आणि वरळीच्या हिंदसारखी सायकल तर महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास आहे. हिंदचा बिल्ला उपटून तिथे बगळा बसवला जातो तेव्हा एक खरी सायकल मरते आणि एक खोटी जन्माला येते. जुन्या सायकलींवर प्रेम करणाऱ्याने निदान हे करू नये.

हे सगळं एका फ्रेमवर लावून बघू. समजा, समोर हिरवी फ्रेम आहे, सीटची नळी २२ इंची, रॉड ब्रेकची, हेडवर बगळा, चेनव्हीलमध्येही बगळे. बिल्ल्याच्या कडेखाली हिरवा रंग सलग गेलेला. टॉर्च सोडल्यावर बिल्ल्याच्या दोन भोकांखेरीज आणखी दोन बुजवलेली भोकं, त्यांचं अंतर कमी. नळकांडं ६८, आटे २४. फोर्कचा वरचा भाग सपाट, फोर्कचे आटेही २४, आणि त्यावर रंगाचे थर फ्रेमइतकेच. सीट लगवर नंबर, पण रॅलेच्या कुठल्याही यादीत न बसणारा. हबवर १९५२. यावरून काय म्हणता येतं? ही महायुद्धानंतरची नॉटिंगहॅमची रोडस्टर नाही, हे निश्चित. बिल्ला हिरव्या रंगानंतरचा, हेही निश्चित. फोर्क आणि फ्रेम बहुधा एकमेकांचेच. चेनव्हील बहुधा आणलेलं. हब दुसऱ्या सायकलीचा असू शकतो, म्हणून १९५२ सोडून द्यायचं. बनवणारा कोण, ते बुजवलेल्या भोकांचं अंतर आणि फोर्कचा आकार जुळणारी दुसरी, न रंगवलेली सायकल सापडेपर्यंत मोकळं ठेवायचं. पुण्यात सायकलींचं संग्रहालय आहे, जुने दुरुस्तीवाले आहेत. तिथे माप घेऊन जाता येतं. फोटोपेक्षा मापांचा कागद जास्त कामाचा.

तो कागद असा करावा: भोकांचं अंतर आणि दिशा, नळकांड्याची रुंदी आणि आटे, फोर्कचे आटे, सीट पोस्टचा व्यास, सीटच्या नळीची लांबी, मागच्या फोर्क एंडमधलं आतलं अंतर, नंबर जसा दिसतो तसा, शंकेच्या आकड्याखाली रेघ, आणि थरांचा क्रम वरून खाली. प्रत्येक ओळीपुढे निश्चित, बहुधा किंवा माहीत नाही यांपैकी एक शब्द. फ्रेमवरची वेल्डिंगही लिहा. कारखान्याचा जोड पितळी झाळीचा असतो, लगच्या कडेला पितळेची बारीक सोनेरी रेघ दिसते. नंतरचं गॅस वेल्डिंग गाठीगाठीचं असतं. दूधवाल्याने लावलेला जाडजूड टेकू फ्रेमचा मूळ भाग समजून कोणी पुढे गोंधळू नये.

आणि मग रंगवायची असेल तर खुशाल रंगवा, जुन्या सायकलीने धावावं हेच चांगलं. फक्त जिथे वलयं उघडली होती ती रुपयाएवढी जागा रंगू देऊ नका, तिच्यावर वार्निशचा एक हात द्या आणि रंगवताना चिकटपट्टी लावा. सीट लगवर नंबराच्या खाचेत प्रायमर भरू देऊ नका. रंगाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही, नंबरावर स्वतः पट्टी चिकटवून द्या. हेडवरची जुनी भोकं लांबीने न बुजवता आतून मेणाने बंद करा. पुढच्या माणसाने टॉर्च सोडला की ती त्याला सापडतील.